एकाच आउटबोर्ड मोटरवर मंद ट्रोलिंग: न उतरणारा वेग आणि वाढत जाणारं ऑइल

पार्श्वभूमी

बोट फायबरची, ५.८ मीटर लांब, उघडी, मधोमध कन्सोल असलेली. मालक दोघे, सामाईक. मागे बाहेरून टांगलेली (आउटबोर्ड) एकच मोटर: ११५ अश्वशक्तीची, चार सिलिंडरची, फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवाली. गिअरचं प्रमाण २.०८ ला १. पंखा (प्रोपेलर) अॅल्युमिनिअमचा, तीन पात्यांचा, १७ इंच पिचचा; पिच म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर. मोटर वापरलेली घेतली तेव्हा तास-मीटरवर ३४० तास होते. आधीच्या मालकाने ती कशी चालवली, सुरुवातीचे तास कसे गेले, याची काही नोंद मिळाली नव्हती.

मासेमारी एका खोल, थंड जलाशयात, ट्राउटसाठी. पाण्याचं तापमान बहुतेक दिवस ८ ते १० अंश सेल्सिअस. पद्धत ट्रोलिंगची, म्हणजे बोट सावकाश चालत ठेवायची आणि मागे सोडलेली स्पून आणि प्लग ही नकली आमिषं (ल्युअर) एका ठरावीक खोलीवर ओढत न्यायची. त्यांच्याकडच्या हलक्या स्पूनना दीड नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आसपासचा वेग मानवतो. दोन नॉटच्या पुढे गेलं की स्पून डोलायचं सोडून गरगरा फिरू लागतो, लाइनला पीळ पडतो आणि वजनावर सोडलेली लाइन वर उचलली जाते.

दिवसाचा क्रम ठरलेला होता. पंधरा मिनिटं वेगात जागेवर जायचं, पाच-सहा तास मोटर गिअरमध्ये आयडलवर (रेस न देता, सर्वांत मंद गतीवर) ठेवून ट्रोलिंग करायचं आणि पंधरा मिनिटांत परत यायचं. मेकॅनिकने पुढे मोटरच्या कॉम्प्युटरमधली नोंद काढली. कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे) किती तास गेले ते त्यात दिसतं. एकूण तासांतले जवळजवळ तीन चतुर्थांश १,००० आरपीएमच्या खालचे होते.

अडचण

पहिली तक्रार वेगाची. आयडलला, गिअरमध्ये, मोटर ७०० आरपीएमवर चालायची आणि वारा नसताना बोट ३ नॉटने जायची. पाठीमागून वारा आला की साडेतीन. यात मोटरचा काही दोष नव्हता. गणित करून पाहिलं तर कळतं: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण गुणिले १,२१५, म्हणजे नॉटमधला कागदावरचा वेग. ७०० गुणिले १७ म्हणजे ११,९००. त्याला २,५२७ ने भागलं की ४.७ नॉट येतात. पंखा पाण्यात घसरतो, आणि आयडलला ही घसरण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असते. तेवढी वजा केली की ३ नॉट उरतात. हाच वेग निव्वळ आरपीएम उतरवून १.५ नॉटवर आणायचा, तर मोटर ३५० आरपीएमवर चालवावी लागेल, आणि तिथे ती चालतच नाही.

दुसरी तक्रार मोटरच्या तब्येतीची. चौथ्या-पाचव्या तासानंतर न्यूट्रलमधून गिअरमध्ये टाकताना मोटर बंद पडायची. परतीच्या वेळी रेस दिली की आधी मिसिंग, मग काळसर धूर, आणि मिनिटभराने ती मोकळी होऊन पळायची.

तिसरी तक्रार बॅटरीची. दिवस संपता संपता सेल्फ जड फिरायचा.

चौथी गोष्ट तक्रार म्हणून कुणी सांगितलीच नव्हती. डिपस्टिकवरचं ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं. दोघांपैकी एकाने ते पाहिलं होतं आणि "ऑइल खात नाही, मोटर चांगली आहे" असा अर्थ लावला होता. सगळ्यात गंभीर लक्षण हेच होतं. ऑइल स्वतःहून वाढत नाही. वाढलं म्हणजे त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय. पाणी मिसळलं तर ऑइल दुधाळ होतं. इथे ते काळं आणि पातळ होतं आणि डिपस्टिक नाकाशी धरली की पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता.

हे का होतं

थंड मोटरला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो. सिलिंडरची भिंत थंड असली की त्यातलं काही पेट्रोल जळत नाही, भिंतीवर ओलं राहतं आणि रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यात भार कमी. पिस्टनच्या रिंगा भिंतीला घट्ट दाबल्या जातात त्या मुख्यतः जळणाऱ्या वायूच्या दाबामुळे, आणि आयडलला तो दाबच कमी असतो. मोटर नीट तापली तर ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून मोटरच्या ब्रीदर नळीवाटे पुन्हा आत ओढलं जातं आणि जळतं. तापली नाही तर ते ऑइलमध्येच साचत जातं.

म्हणून फोर-स्ट्रोक आउटबोर्ड तासन्‌तास आयडलवर चालवता येते की नाही, हा प्रश्न खरं तर ती त्या काळात तापलेली राहते की नाही असा आहे. आताच्या इंजेक्शनवाल्या मोटरी मंद गतीला चांगल्या चालतात. मंद गती आणि थंडपणा एकत्र आले की त्या बिघडतात. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि कॅम यांच्यावरचा थर कमकुवत होतो, आणि पातळी फार वाढली की क्रँक ते घुसळून फेस काढतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे आयडलवर स्पार्क प्लग तेलकट होतात आणि कार्बन साचतो, पण ऑइल साठवणारी तळाची टाकी (संप) नसल्यामुळे ऑइल पातळ होण्याचा हा प्रकार त्यांना लागू नाही.

समोरचे पर्याय

मेकॅनिकचा पहिला सल्ला छोटी दुसरी मोटर बसवण्याचा होता, ९.९ अश्वशक्तीची. ट्रोलिंगसाठी सर्वांत स्वच्छ उपाय हाच. छोटी मोटर १,५०० ते २,००० आरपीएमवर चालते, भार घेते, तापते, पेट्रोल कमी खाते आणि मोठी बंद पडली तर घरी आणते. पण ४५ किलोच्या आसपास वजन मागच्या फळीच्या एका टोकाला टांगायचं, ब्रॅकेट बसवायचा, दोन्ही मोटरी जोडून सुकाणूचा दांडा टाकायचा, हे सगळं आलंच. मालकांनी मोटर विकत घेण्याआधी एक साधी चाचणी केली आणि ती प्रत्येकाने करावी अशी आहे. मोटर जिथे बसणार त्या कोपऱ्यात ४५ लिटर पाण्याचे कॅन ठेवले, दोन माणसं नेहमीच्या जागी बसवली आणि बोट धक्क्याला पाण्यात उभी करून पाहिली. डेकवरचं पाणी बाहेर जायची मागची भोकं पाण्याखाली गेली. म्हणजे छोटी मोटर घ्यायची तर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे हलवणं आलं. खर्च आणि काम दोन्ही दुप्पट.

पुढे बसणारी इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर फार थोडा वेळ चर्चेत राहिली. पाच-सहा तास, वाऱ्यात, एवढ्या वजनाची बोट ओढायची तर २४ व्होल्टची मोटर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या लागतात, आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, तेवढी सपाट जागा नव्हती.

आयडल कमी करून घेणं हा एका मालकाचा आग्रह होता. इंजेक्शनच्या मोटरमध्ये आयडल कॉम्प्युटर सांभाळतो; स्क्रू पिळून उतरवण्याची सोय नसते आणि नसलेलीच बरी. आयडल ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की ऑइलचा दाब घटतो, कूलिंगच्या पाण्याचा पंप कमी पाणी फेकतो, चार्जिंग घटतं आणि गिअर खडखडू लागतात. ज्या मोटरला कार्ब्युरेटर आहे तिथे स्क्रू हाताशी असतो, त्यामुळे मोह जास्त होतो. तिथेही उत्तर हेच.

काही उत्पादक आरपीएम पन्नासच्या किंवा त्याहून लहान टप्प्यांनी वर-खाली करायचं बटण देतात. लोकांना वाटतं की त्याने बोट खूप सावकाश होईल. या मोटरला ती सोय जोडता येत होती, पण खाली ती फक्त ६५० पर्यंत जात होती. ५० आरपीएमने वेग ३ वरून २.८ नॉटवर येतो, बस. या बटणाचा खरा उपयोग वेग कमी झाल्यानंतर, तो हव्या त्या आकड्यावर टिकवण्यासाठी आहे.

गिअरमध्ये टाकणं आणि काढणं ते आधीपासून करत होते: काही सेकंद आत, काही सेकंद बाहेर. मासे कधी कधी याला उलट चांगले लागतात, कारण ल्युअर थांबतो, बुडतो आणि पुन्हा झेपावतो. पण दिवसभरात शेकडो वेळा हे केलं की गिअरमधली दातेरी क्लच आणि केबल झिजते. शिवाय या मोटरला गिअरमध्ये टाकतानाच बंद पडण्याची सवय लागली होती.

बोट उलटी, मागच्या बाजूने चालवली की वेग आपोआप कमी होतो. मागची फळी उंच असलेल्या बोटींवर शांत पाण्यात हे चालतं. या बोटीची मागची फळी मोटरपाशी खाली उतरलेली होती. लाट थेट आत आली असती. तो विषय तिथेच संपला.

उरले तीन: ट्रोलिंग प्लेट, कमी पिचचा पंखा आणि पाण्यात ओढायच्या ड्रोग पिशव्या.

प्लेट त्यांनी आदल्या हंगामात लावून पाहिली होती. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीला बोल्टने बसणारं हे झाकण पंख्याच्या मागे उभं राहून त्याचा झोत अडवतं. वेग खरंच निम्म्यावर आला होता. पण एकदा वारा वाढला म्हणून घाईत रेस दिली तेव्हा प्लेट खालीच होती. बिजागरी वाकली, सुकाणू हातात जड झालं आणि बोट एका अंगाला ओढली गेली. प्लेट काढून टाकली; पट्टीला पाडलेली चार भोकं मात्र तशीच उघडी राहिली आणि त्यांच्या कडांना गंज धरला होता. प्लेट वाईट वस्तू नाही. पण वर करायची आठवण ही माणसाच्या डोक्यावर सोडलेली गोष्ट आहे, आणि गडबडीच्या क्षणी नेमकी तीच विसरते. जास्त रेस मिळताच आपोआप वर उचलली जाणारी प्लेट असेल तरच विचार करावा.

काय केलं: आधी मोटर

इथे पहिला निर्णयाचा टप्पा आला. वेगाचा उपाय आधी करायचा की ऑइलचा? मालकांचं लक्ष वेगावर होतं. मेकॅनिकने मात्र ऑइलचं कारण सापडेपर्यंत बोट पाण्यात न टाकण्याचं सुचवलं आणि ते मान्य झालं.

ऑइलची पातळी आधी नीट मोजली. मोटर थोडी जरी तिरपी असली तरी डिपस्टिक खोटं बोलते. म्हणून ट्रेलर सपाट जागी उभा करून मोटर सरळ उभी केली, ती बंद करून पंधरा मिनिटं थांबले, कांडी पुसून पुन्हा घातली. पातळी खरंच वर होती. पुस्तिकेप्रमाणे फिल्टरसकट ४.५ लिटर भरायचं असतं. काढलं तेव्हा ५ लिटरच्या थोडं वर निघालं. टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवला: मध्ये काळा ठिपका आणि भोवती झपाट्याने पसरलेलं रुंद, फिकट कडं. ते कडं पेट्रोलचं.

मग तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटरने चकचकीत धातूवर मोजलं की आकडा चुकतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या (मोटर तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या) घराशेजारी, सिलिंडर हेडवर काळी, चमक नसलेली टेप चिकटवली आणि नेहमी त्याच ठिपक्यावर मोजायचं ठरलं. मोटर पाण्याच्या टाकीत बुडवून अर्धा तास आयडलवर चालवली. आकडा ३० अंशांच्या पुढे सरकेना. या जातीच्या मोटरला तिथे ५० च्या वर जायला हवं होतं.

थर्मोस्टॅट काढला. झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये चुन्यासारखा खडा आणि वाळूचे कण अडकले होते, आणि थंड असतानाच ती नखभर उघडी होती. उजेडाकडे धरली की फट दिसत होती. म्हणजे जलाशयाचं ८ अंशांचं पाणी मोटरमधून अखंड वाहत होतं आणि ती कधी तापतच नव्हती. वेगात जाताना भार भरपूर, उष्णताही भरपूर, त्यामुळे तिथे फारसं जाणवत नव्हतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो पातेल्यात पाणी घालून, थर्मामीटर सोडून, हळूहळू तापवून पाहिला. त्याच्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला, थंड झाल्यावर पूर्ण मिटला. नवी गॅस्केट घातली. काही मोटरींत थर्मोस्टॅटबरोबर पाण्याच्या दाबावर उघडणारी दुसरी झडपही असते; तिच्यात कचरा अडकला तरी असाच परिणाम होतो, म्हणून तीही उघडून धुतली.

चारही स्पार्क प्लग काढले. दोन कोरड्या काजळीने काळे, एक ओलसर. त्याच नंबरचे नवे घातले, गॅप पुस्तिकेप्रमाणे. "जरा गरम नंबरचा प्लग घाला, काजळी धरणार नाही" असा सल्ला बाहेरून आला होता. तो नाकारला हे योग्यच झालं. गरम प्लग आयडलला स्वच्छ राहील, पण परतीच्या पूर्ण रेसला पिस्टन भाजण्याची जोखीम तोच आणतो.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजलं. त्यांच्यातला फरक दहा टक्क्यांच्या आत होता, म्हणजे रिंगांवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर. आडव्या पट्टीची उघडी भोकं घासून, प्रायमर लावून बंद केली.

दुसरा निर्णयाचा टप्पा इथे. छोटी मोटर आत्ताच घ्यायची का? मेकॅनिकचं मत अजूनही घ्या असंच होतं. मालकांनी अट ठरवली: नव्या थर्मोस्टॅटवर २५ तास चालवायचं, रोज पातळी पाहायची. ऑइल पुन्हा खुणेच्या वर गेलं तर छोटी मोटर, नाहीतर नाही. अशी आकड्याची अट आधी लिहून ठेवली की नंतरची चर्चा लवकर संपते.

काय केलं: मग वेग

पंखा बदलताना एक बंधन असतं. पिच एक इंच कमी केली की पूर्ण रेसला आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात. ही मोटर हलक्या भाराने ५,७०० पर्यंत जायची आणि तिची मर्यादा ६,००० होती. १७ वरून १५ वर आल्यावर तीन पात्यांचा पंखा मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे गेला असता. म्हणून १५ पिचचा चार पात्यांचा घेतला. चौथं पातं थोडे आरपीएम खातं. चाचणी एकच माणूस आणि अर्धी टाकी घेऊन केली, कारण आरपीएम सर्वांत जास्त हलक्या बोटीतच चढतात. आकडा आला ५,९५०. आयडलचा वेग ३ वरून २.७ नॉटवर उतरला. वरचा वेग दीड नॉटने गेला.

खरा फरक ड्रोगने पडला. ड्रोग म्हणजे जाड कापडाची, शंकूच्या आकाराची पिशवी: पुढे मोठं तोंड, मागे लहान भोक. तोंड ६० सेंटिमीटरचं, अशा दोन घेतल्या, एकेका अंगाला एक. एकच लावली तर बोट तिरकी चालते आणि सुकाणू सतत उलट धरावं लागतं.

या कामात सगळं मापात आहे. पिशवी पंख्यात गेली तर गिअर, दोर आणि दिवस तिन्ही जातात. बोट ट्रेलरवर असतानाच मधल्या क्लीटपासून (दोर अडकवायच्या खुंटीपासून) पंख्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं: ३ मीटर. पिशवी पूर्ण ताणली की १.२ मीटर. दोर १ मीटरचा ठेवला. म्हणजे पिशवीचं शेपूट पंख्याच्या ८० सेंटिमीटर पुढेच थांबतं, दोर कितीही ताणला तरी. दोर न ताणणारा, जाड. पिशवी आणि दोर यांच्यामध्ये फिरकी कडी, नाहीतर दोराला पीळ पडून पिशवी मिटते. शेपटाला दुसरी बारीक दोरी बांधून ती बोटीत आणली. ती ओढली की पिशवी उलटी होते, पाणी सांडतं आणि हाताने उचलता येते. ही दोरी नसेल तर भरलेली पिशवी एकट्याला ओढत नाही. क्लीटवर दोर नुसते आठाचे वेढे देऊन अडकवला, गाठ मारली नाही. ताणाखाली गाठ सुटत नाही आणि सोडायची वेळ येते ती नेमकी मासा मोटरकडे पळत असताना.

वाऱ्याशिवाय, ७०० आरपीएमला, दोन पिशव्यांनी बोट १.६ नॉटवर आली. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पिशवी वेगात जास्त आवळते आणि मंद गतीला कमी. २.७ वरून १.६ सोपं, १.६ वरून ०.८ करायला चौपट अडथळा लागेल. त्या मागे लागू नये. मध्यभागी धरल्यामुळे एक जादा फायदाही मिळाला: मंद गतीला बोटीची नाळ वाऱ्याने इकडे-तिकडे भरकटायची, ते बरंच कमी झालं.

वेग मोजताना ते एका ठिकाणी अडकले होते. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो आणि ल्युअरला कळतो तो पाण्यातला. वाऱ्याने वरचं पाणी सरकत असलं किंवा जलाशयात नदीचा ओघ असला की दोन्हींत सहज अर्ध्या नॉटचा फरक पडतो. म्हणून त्याच रेषेवर जाऊन-येऊन दोन्ही आकड्यांची सरासरी घेतली, आणि रोज लाइन सोडण्याआधी ल्युअर बोटीच्या कडेला दोन हात लांब धरून तो डोलतोय की फिरतोय ते डोळ्यांनी पाहिलं. आमच्या मते हे शेवटचं तपासणं कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त खरं.

रोजची शिस्त

दर दीड तासाला लाइन गुंडाळायच्या, पिशव्या आत घ्यायच्या आणि दहा मिनिटं ३,५०० आरपीएमवर बोट पळवायची. जागा बदलायचीच असते, ती याच वेळी बदलायची. न्यूट्रलमध्ये रेस देऊन हे साधत नाही. भाराशिवाय रिंगा दाबल्या जात नाहीत आणि ऑइलही पुरेसं तापत नाही.

ऑइल दर १०० तासांऐवजी ५० तासांनी. डिपस्टिक रोज सकाळी, मोटर थंड आणि सरळ असताना, आणि तिचा मोबाइलवर फोटो. दोन मालक आळीपाळीने बोट नेतात. फोटो असला की "मला तर ठीक दिसलं होतं" यावर वाद होत नाही.

मोटरच्या मागून पडणारी पाण्याची धार आयडलला मुळातच बारीक असते. तिची सवय डोळ्याला लावून घ्यायची, कारण मंद गतीला शेवाळ पाणी ओढायच्या जाळीवर बसून राहतं. धार तुटक झाली की न्यूट्रल, मोटर बंद, वर उचलून जाळी साफ.

बॅटरीचं कोडं क्लॅम्प मीटरने सुटलं. फिशफाइंडर, प्लॉटर आणि मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप एकदम चालू असताना, ७०० आरपीएमला, बॅटरीतून ३ अँपियर बाहेरच जात होते. अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा चढ्या आरपीएमचा असतो, आयडलचा नव्हे. पंपाला टायमर लावला, पाच मिनिटं चालू आणि दहा बंद. उपकरणांसाठी दुसरी बॅटरी घेतली आणि मधे व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले टाकला, म्हणजे सेल्फची बॅटरी कुणी उतरवू शकत नाही.

निष्पत्ती

त्याच काळ्या टेपवर, त्याच थंड पाण्यात, अर्ध्या तासाच्या ट्रोलिंगनंतर तापमान ५२ ते ५५ अंशांवर स्थिर राहू लागलं. २५ तासांत डिपस्टिकची पातळी हलली नाही. ५० तासांनी ऑइल बदलताना भरलं होतं तेवढंच निघालं. प्लग फिकट तपकिरी. गिअरमध्ये टाकताना बंद पडणं थांबलं. छोटी मोटर घेतली नाही.

वेग शांत पाण्यात १.५ ते १.७ नॉट, मागून मध्यम वारा असताना २.१. वारा १२ नॉटच्या वर गेला की मात्र पिशव्या पुरत नाहीत: वाऱ्याच्या दिशेने वेग आवरत नाही आणि उलट दिशेने नाळ धरून राहत नाही. त्या दिवशी ट्रोलिंग थांबवून आडोशाला जायचं, असं ठरवून टाकलं आहे.

पेट्रोल ताशी २ लिटरच्या आसपास जातं. छोट्या मोटरला याच्या निम्म्यापेक्षा कमी लागलं असतं. मोठ्या मोटरचे तासही भराभर चढतात, त्यामुळे सर्व्हिस लवकर येते. ही किंमत मालकांनी समजून स्वीकारली आहे. वर्षाला थोडेच दिवस जाणाऱ्यांना ती परवडते. रोज जाणाऱ्याने हिशेब पुन्हा मांडावा, आणि त्याचं उत्तर बहुधा छोटी मोटर हेच येईल.

वेगळं काय करता आलं असतं

थर्मोस्टॅट एक हंगाम आधी सापडला असता. डिपस्टिक वर दिसली त्याच दिवशी हेडचं तापमान मोजलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

पंखा आणि पिशव्या यांचा क्रम उलटा हवा होता. पिशव्या स्वस्त, काढता-घालता येणाऱ्या. पंखा महाग आणि वरचा वेग घेऊन जाणारा. जुन्या १७ पिचवर पिशव्या लावून आधी पाहायला हवं होतं. कदाचित वेग १.८ वर आला असता आणि तेवढ्यावर भागलं असतं. ती चाचणी झालीच नाही, त्यामुळे नवा पंखा खरंच लागला का, याचं उत्तर या प्रकरणात मिळत नाही.

काढलेलं ऑइल सरळ टाकाऊ डब्यात गेलं. त्याचा छोटा नमुना प्रयोगशाळेत दिला असता तर पेट्रोल किती टक्के होतं आणि बेअरिंगच्या धातूचे कण त्यात आले होते का, हे दोन्ही कळलं असतं. वापरलेल्या मोटरच्या बाबतीत, जिचा आधीचा इतिहास माहीत नाही, ही माहिती मोलाची.

दोन गोष्टी सुरक्षेच्या, ज्यांचा विचार उशिरा झाला. वाऱ्याच्या दिशेने मंद चालताना मोटरचा धूर मागून बोटीत परततो. उघड्या बोटीत तो विरतो, पण या बोटीवर पावसाळी छत लावलं की त्याखाली साचतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. छत लावलेलं असेल तेव्हा पुढचा पडदा उघडा ठेवून हवा आरपार जाऊ द्यायची, किंवा वाऱ्याला तिरकं चालायचं. डोकं दुखू लागलं तर मोटर तत्काळ बंद.

दुसरी किल-स्विचची दोरी: अंगाला अडकवायची, माणूस दूर गेला की मोटर बंद करणारी. सावकाश चालतोय म्हणून ती कुणी अडकवत नव्हतं. १.६ नॉट म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५० मीटर. एकटा माणूस पिशवी उचलताना पाण्यात गेला तर गिअरमध्ये असलेली बोट एका मिनिटात तेवढी दूर जाते, आणि कपडे-बूट घातलेला माणूस ८ अंशांच्या पाण्यात तिला पोहून गाठू शकत नाही. पिशव्यांपर्यंत पोचेल अशी लांब दोरी घेतली, लाइफ जॅकेट अंगावर ठेवण्याचा नियम केला आणि पाण्यातून हात पुरेल अशी शिडी मागच्या फळीला बसवली. पिशव्या विकत घेतल्या त्याच दिवशी हे सगळं व्हायला हवं होतं.